नागासाकीचे २६ हुतात्मे आणि त्यांचे शिल्पकार फुनाकोशी यासुताके

तुम्ही वसईचे आहात, नागासाकीच्या निशिझाका टेकडीवरचे २६ हुतात्म्यांचे स्मारक नुकतेच पाहून आलात, आणि त्यातल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या आकृतीपुढे उभे राहिल्यावर जे खटकले ते तुम्ही मोकळेपणाने विचारले आहे. या माणसांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकून मारले होते. मग शिल्पात कोणीही क्रुसावर का नाही, जखमा का नाहीत, सगळे एका ओळीत पाय सैल सोडून हवेत असल्यासारखे का दिसतात? शिल्पकाराला वेदना दाखवता येत नव्हती, की त्याच्या श्रद्धेने त्याला ती दाखवू दिली नाही? शिवाय गावातल्या चर्चच्या आवारात गोन्सालोंचे शिल्प बसवण्याचा विचार चालू असून त्यासाठी या जपानी शिल्पकाराकडून काय घेता येईल, हेही तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी अनेक वर्षे माती, प्लास्टर आणि दगड या माध्यमांत मानवाकृती घडवतो आणि फुनाकोशी यासुताके यांच्या कामाचा अभ्यास हा माझ्या कामाचाच एक भाग राहिला आहे. त्यामुळे उत्तर देताना मी हाताने करण्याच्या गोष्टींकडे अधिक वळेन. तुमच्या प्रश्नांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो: न हलणाऱ्या, न बोलणाऱ्या देहातून दुःख कसे सांगावे? त्याचे उत्तर एका स्मारकातून मिळणार नाही, त्यासाठी या माणसाची सगळी कारकीर्द पाहावी लागते. त्यांच्या कामात श्रद्धेचा वाटा किती आणि कसबाचा किती, हे वाटून देणे मात्र कोणालाही शक्य नाही. कसबाचा वाटा लोक समजतात त्याहून पुष्कळ मोठा आहे, एवढे मी दाखवू शकतो.

फुनाकोशी यांचा जन्म ७ डिसेंबर १९१२ रोजी जपानच्या उत्तर भागातील इवाते प्रांतात, इचिनोहे परिसरात झाला. वडील कॅथलिक होते, पण मुलगा लहानपणापासून धर्माकडे ओढला गेला असे झाले नाही. मोरिओका येथील माध्यमिक शाळेत त्यांच्या वर्गात मात्सुमोतो शुन्सुके होते, जे पुढे नामवंत चित्रकार झाले आणि १९४८ मध्ये अकालीच गेले. ही मैत्री शेवटपर्यंत टिकली. आजारपणात अंथरुणावर असताना थोरल्या भावाने आणून दिलेला, फ्रेंच शिल्पकार रोदँच्या विचारांचा, कवी आणि शिल्पकार ताकामुरा कोतारो यांनी केलेला जपानी अनुवाद त्यांनी वाचला आणि शिल्पकार व्हायचे ठरवले. उत्तरेकडच्या लहान गावातल्या या मुलापर्यंत रोदँ प्रथम पोहोचला तो शब्दांतून. पुतळा सजवायचा नसतो, तो आतून बाहेर ढकलत आणायचा असतो, ही शिकवण पुतळे पाहण्याआधी कानी पडली तर विद्यार्थी नक्कल करण्याऐवजी विचार करू लागतो, असे माझे शिकवतानाचे निरीक्षण आहे. ताकामुरा यांच्याविषयीचा आदर फुनाकोशींच्या मनात कायम राहिला. १९४१ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या थोरल्या मुलीचे चिएको हे नावही ताकामुरा यांनीच ठेवले, आणि ते ताकामुरांच्या दिवंगत पत्नीचे नाव होते.

१९३४ मध्ये ते टोकियोच्या ललितकला विद्यालयात शिल्पकला विभागात दाखल झाले आणि १९३९ मध्ये तेथून बाहेर पडले. सातो चूर्यो हे त्यांचे सहाध्यायी, आणि जपानच्या युद्धोत्तर मानवाकृती शिल्पकलेची चर्चा या दोन नावांशिवाय होत नाही. सातो मातीचे आणि ब्राँझचे शिल्पकार राहिले. त्यांनी सामान्य जपानी माणसाचा चेहरा कोणतीही सजावट न करता शिल्पात आणला. फुनाकोशी मात्र शिक्षण संपल्यावर लवकरच दगडाकडे वळले, आणि पुढच्या सगळ्या कामाची किल्ली मला या वळणात सापडते.

आपल्याकडे संगमरवरी पुतळा कसा होतो हे तुम्ही पाहिले असेल. शिल्पकार मातीत काम करतो, त्यावरून प्लास्टरची प्रत काढतो आणि ती जयपूरला किंवा अन्यत्र कारागिराकडे जाते. कारागीर पॉइंटिंग मशीनने बिंदू मोजून तेच रूप दगडात उतरवतो. या पद्धतीत काही गैर नाही, मीही अशी कामे केली आहेत, पण इथे दगड फक्त निरोप पोहोचवतो. थेट दगडात कोरणाऱ्याचे तसे नसते. मातीत चूक वाटली तर गोळा परत लावता येतो, दगडात उडालेला टवका परत येत नाही. म्हणून हात आपोआप सावध होतो आणि काय कोरायचे याहून काय कोरायचे नाही याचा विचार जास्त होतो. पापणीची कड किती धारदार ठेवायची, ओठ एकमेकांपासून किती वेगळे काढायचे, कानामागची जागा मोकळी करायची की दगडातच मिटू द्यायची, असे शेकडो निर्णय घेताना शिल्पकाराला संयम अंगवळणी पडतो. फुनाकोशी हे काम मुख्यतः स्वतःच, दगडफोड्यांचे आणि दगडाच्या दुकानांतले काम बघून शिकले. त्यांनी पुढे संगमरवरात आणि इसाहायाच्या वालुकाश्मात केलेली स्त्रियांची मस्तके पाहा. तिथे भाव एखाद्या रेषेत पकडलेला सापडत नाही. तो गालावरून जबड्याकडे उतरणाऱ्या एका लांब, न तुटणाऱ्या पृष्ठभागात असतो. छायाचित्रात हे निम्मेही कळत नाही, कारण असा पृष्ठभाग प्रकाश सरकला तरच उलगडतो.

युद्धानंतर त्यांच्या घरात एक तान्हा मुलगा दगावला आणि १९५० मध्ये सर्व कुटुंबाने बाप्तिस्मा घेतला. चरित्र सांगणारे इथे थांबतात आणि पुढचे सगळे या एका घटनेवरून सांगून टाकतात. मला ते पटत नाही. त्यांच्या शिल्पांतली शांतता या घटनेच्या आधीपासून त्यांच्या दगडांत होती. दुःखाने आणि श्रद्धेने त्या शांततेला विषय दिला, असे मी म्हणेन.

तो विषय १९५८ मध्ये नागासाकीच्या कामाच्या रूपाने आला. १८६२ मध्ये या २६ जणांना संतपद मिळाले होते आणि त्याच्या शताब्दीला, १९६२ मध्ये, स्मारक उभे करायचे होते. वास्तुरचना इमाई केंजी यांची होती. फुनाकोशी या २६ आकृत्यांवर साडेचार वर्षे काम करत होते. ज्यांना हा इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमावरून क्योतो आणि ओसाका येथे पकडलेल्या ख्रिस्ती लोकांना ऐन हिवाळ्यात पायी नागासाकीपर्यंत आणले गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर मारले गेले. त्यांत २० जपानी होते आणि सहा परदेशी फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या संघातले. त्या सहांपैकी एक वसईचे गोन्सालो गार्सिया, पोर्तुगीज वडील आणि स्थानिक आई यांचे पुत्र, ज्यांना जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे फ्रान्सिस्कन मंडळींनी हिदेयोशीच्या दरबारात दुभाषी म्हणून नेले होते. सर्वांत लहान हुतात्मा लुईस इबाराकी १२ वर्षांचा होता.

आता शिल्पकाराच्या जागी उभे राहून पाहा. समोर लांब भिंत आहे, तिच्यावर जवळजवळ माणसाएवढ्या २६ ब्राँझच्या आकृत्या एका ओळीत बसवायच्या आहेत. प्रत्येकाला क्रूस, दोर, भाला आणि जखम दिली, तर काय होईल? पहिल्या तीन आकृत्यांपाशी पाहणारा हादरेल, दहावीपाशी त्याची नजर बोथट होईल आणि विसावीपर्यंत तो पोहोचणारही नाही. यातना सव्वीस वेळा सांगितली की ती नक्षी होते. शिवाय क्रुसांच्या आडव्या बाहूंनी सगळी भिंत कापली जाईल आणि माणसे त्या चौकटींत हरवतील. म्हणून फुनाकोशींनी आडवी रेघ ओळीलाच दिली आणि प्रत्येक माणूस उभा, अरुंद, झग्याच्या लांब सरळ चुण्यांनी बांधलेला ठेवला. बहुतेकांचे हात छातीशी जोडलेले आहेत, त्यामुळे जिथे एखाद्याचे हात पसरतात तिथे नजर आपोआप थांबते. लहान मुलांची उंची कमी आहे म्हणून ओळीची वरची कड तेवढ्यापुरती खाली येते, आणि तो एक खळगा मला त्या भिंतीवरचा सर्वांत दुखरा भाग वाटतो. आधी दुरून तुम्हाला तो फक्त लयीतला बदल वाटतो; जवळ गेल्यावर कळते की तिथे मुले आहेत.

पायांविषयी तुम्ही विचारलेत ते फार नेमके आहे, म्हणून तिथे थोडा वेळ थांबू या. माणूस जमिनीवर उभा असतो तेव्हा त्याचे वजन टाचेतून जाते. पोटरी ताठरते, गुडघा कुलूप घातल्यासारखा होतो, कंबर एका बाजूला किंचित कलते. मानवाकृती शिकणारा विद्यार्थी पहिल्या वर्षी हेच शिकतो. आता त्याच्या पायाखालची जमीन काढून घ्या. पाऊल घोट्यापासून खाली उतरते, नडगीची रेघ तुटल्याशिवाय थेट बोटांपर्यंत जाते, गुडघा सैल पडतो, पोट लांबते. हीच लक्षणे दोन अवस्थांत दिसतात: टांगलेल्या देहात आणि वर उचलल्या जाणाऱ्या देहात. दोन्हींत फरक कुठे पडतो तर खांद्यांत आणि मानेत. टांगलेल्या माणसाचे खांदे कानांपर्यंत चढतात आणि डोके छातीवर कोसळते. निशिझाकाच्या आकृत्यांचे खांदे खाली आहेत, मान मोकळी आणि लांब आहे, बहुतेकांची नजर वर आहे. म्हणजे कमरेखाली क्रुसावरचा देह आहे आणि खांद्यांपासून वर स्वर्गाकडे निघालेला देह आहे. क्रूस वगळला गेला आहे असे तुम्हाला वाटले, पण माझ्या मते तो त्या पावलांत आहे. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथीड्रलच्या बाराव्या शतकातल्या दारांवरील खांबांना लागून असलेल्या मूर्तींची पावलेही अशीच उतरती आहेत, आणि तिथेही मूर्तींना भिंत सोडता येत नाही. हे सगळे ठरवून केलेले असते. श्रद्धा कितीही उत्कट असली तरी घोट्याचा कोन ती शिकवत नाही. या कामासाठी फुनाकोशींना १९६२ चा ताकामुरा कोतारो पुरस्कार मिळाला.

त्यांना वेदना दाखवता येत नव्हती का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी पुढच्या दोन शिल्पांत स्वतःच दिले आहे.

१९७१ मध्ये त्यांनी ‘हारा किल्ला’ हे ब्राँझ केले. शिमाबाराच्या उठावात, १६३७-३८ साली, जाचक करांनी आणि धर्मछळाने पिचलेले शेतकरी आणि धनी गमावलेले सामुराई हारा किल्ल्यात एकवटले होते, आणि किल्ला पडल्यावर त्यांची जवळजवळ सरसकट कत्तल झाली. फुनाकोशींचा शिपाई चिलखत आणि शिरस्त्राण घालून उभा आहे, पण त्याच्या देहात लढण्याचे काहीही उरलेले नाही. हात लोंबतात, तोंड किंचित उघडे आहे, डोळ्यांच्या जागी काळोख आहे. शिल्पकार म्हणून मला या डोळ्यांचे विशेष वाटते. डोळा पोकळ ठेवणे वरवर सोपे असते. कठीण असते ते पोकळीची कड कुठे थांबवायची हे ठरवणे, कारण ती जरा खोल गेली की कवटी दिसू लागते आणि जरा उथळ राहिली की झोपलेला माणूस दिसतो. इथे ना कवटी आहे ना झोप. मेलेला माणूस मातीतून उठून आला आहे आणि आपण का उठलो हे त्याला कळत नाही, असे ते पाहताना वाटते. इथेही रक्त नाही, तलवार उगारलेली नाही, म्हणजे संयम तोच आहे. पण नागासाकीला मान वर होती आणि इथे सगळा देह खाली ओढला जातो.

दुसरे शिल्प १९७५ चे, फादर दामियेन यांचे. हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करताना स्वतः कुष्ठरोगी झालेले हे बेल्जियन धर्मगुरू १८८९ मध्ये वारले. फुनाकोशींनी ते तरुण आणि देखणे असतानाचे रूप घेतले नाही, रोगाने सुजलेला, विद्रूप झालेला चेहरा घेतला. चेहऱ्याचे मांस आपल्या जागा सोडून गेलेले आहे आणि तरी ते उभे राहण्याची ढब सोडत नाहीत. ज्या हातांनी संगमरवरात निर्दोष गाल कोरले, त्याच हातांनी हा चेहरा केला. त्यांच्या स्त्री-मस्तकांना नुसते ‘सुंदर’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी हे शिल्प पाहिलेले नसते, असे मला नेहमी वाटते.

बाकी कारकीर्द विस्ताराने सांगण्याची गरज नाही. १९६८ मध्ये ताझावा या जपानच्या सर्वांत खोल सरोवराच्या काठावर त्यांची सोनेरी ‘तात्सुको’, दंतकथेतल्या तरुणीची मूर्ती, उभी राहिली, जी तिथे जाणारे पर्यटक शिल्पकाराचे नाव न विचारता पाहतात. कुशिरो शहरातल्या नुसामाई पुलावर चार शिल्पकारांनी चार ऋतू केले, त्यांतला वसंत फुनाकोशींचा आणि ग्रीष्म सातो यांचा. १९६७ पासून १९८० पर्यंत ते टोकियोच्या कला विद्यापीठात प्राध्यापक होते. ते उत्तम गद्यही लिहीत आणि १९८३ मध्ये त्यांच्या निबंधसंग्रहाला पुरस्कार मिळाला. त्यांचा मुलगा कात्सुरा हाही मोठा शिल्पकार झाला. तो कापराच्या लाकडात अर्धाकृती कोरून त्यांत संगमरवराचे डोळे बसवत असे. वडिलांच्या कामातली न बोलणारी नजर त्याने अगदी वेगळ्या माध्यमात पुढे नेली.

१९८७ मध्ये पक्षाघाताने फुनाकोशींची उजवी बाजू गेली. तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. त्यांनी डाव्या हाताने रेखाटने सुरू केली, मग मातीही डाव्या हाताने घेतली, आणि १९८९ मध्ये ख्रिस्ताला जिथे क्रुसावर चढवले त्या जागेच्या नावाचे ‘गोल्गोथा’ हे ख्रिस्ताचे मस्तक पूर्ण केले. मातीत काम करताना एक हात दाबतो आणि दुसरा मागून आधार देतो, त्यामुळे पृष्ठभाग ताणलेला राहतो. आधार देणारा हातच नसेल तर प्रत्येक गोळा फक्त एका बाजूने, तोही न सरावलेल्या अंगठ्याने दाबला जातो, आणि त्याची कड तशीच उभी राहते. ‘गोल्गोथा’च्या चेहऱ्यावर हे गोळे, ही दाबलेली खोबणी उघडी दिसतात. त्यांना गुळगुळीत करण्याची ताकद शरीरात नव्हती असे म्हणून कोणी ते काम कमी लेखू नये. त्या खडबडीतपणाखाली कवटी, गालाची हाडे, जबडा सगळे आपापल्या जागी अचूक आहे, कारण पन्नास वर्षांचे बांधणीचे ज्ञान हाताबरोबर जात नाही. १९९९ मध्ये जपान सरकारने त्यांना सांस्कृतिक कार्यासाठीचा राष्ट्रीय सन्मान दिला. ५ फेब्रुवारी २००२ रोजी ते वारले, ज्या तारखेला ते २६ जण मारले गेले त्याच तारखेला. मोरिओकाच्या इवाते कला संग्रहालयात त्यांच्या आणि मात्सुमोतो शुन्सुके यांच्या कामासाठी कायमचे दालन आहे. पुन्हा जपानला गेलात तर तिथे अवश्य जा, कारण नागासाकीच्या आकृत्यांपैकी काही तिथे डोळ्यांच्या पातळीवर पाहता येतात.

आता तुमच्या गावच्या शिल्पाकडे येतो. इथे बरेच काही जागेवर अवलंबून आहे, म्हणून मी ठाम आराखडा देणार नाही, पण नागासाकीवरून काय घ्यावे आणि काय घेऊ नये हे सांगू शकतो. उतरती पावले उचलून घेऊ नका. ती भिंतीवर आणि ओळीत चालतात. चबुतऱ्यावर एकट्या उभ्या पुतळ्याला ती दिली, तर तो मागून खिळ्याला अडकवलेला वाटेल. तुमच्याकडे भिंत असेल तर उठावशिल्प करा, आणि मग पावलांचा विचार जरूर करा. मोकळ्या आवारात पुतळा उभा करायचा असेल तर त्याला जमिनीवर नीट उभे राहू द्या आणि उन्नती मान आणि खांदे यांतून आणा.

गोन्सालो धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन संघातले साधे बंधू होते, त्यामुळे धर्मगुरू मिस्सा अर्पण करताना घालतात तो जरतारी पोशाख त्यांना घालू नका. फ्रान्सिस्कन झगा, कमरेला गाठींचा दोर, एवढे पुरे. मृत्यूच्या वेळी ते चाळिशीच्या आसपास होते, हे अनेक प्रतिमांत विसरले जाते आणि त्यांना विशीतला तरुण केले जाते. वसईच्या आईचा मुलगा कसा दिसला असता याचाही विचार करा. मॉडेल म्हणून गावातलाच चाळिशीचा माणूस बसवा. ते दुभाषी होते, एका भाषेतले दुसऱ्या भाषेत सांगत त्यांचे आयुष्य गेले, तेव्हा ओठ आणि हात यांत बोलणाऱ्या माणसाची तयारी आणता आली तर ती भाल्यापेक्षा अधिक खरी ठरेल.

माध्यमाविषयी माझे मत स्पष्ट आहे. वसईची हवा खारी आहे; फायबरवर मारलेला ब्राँझचा रंग तिथे फार वर्षे टिकत नाही, तो पोपडे धरतो आणि दुरुस्त करणारा प्रत्येक जण चेहरा थोडा थोडा बदलत जातो. पैसे कमी असतील तर मोठा फायबरचा पुतळा करण्याऐवजी लहान ब्राँझ करा, किंवा काळ्या पाषाणात कमी उठावाचे शिल्प करा. काळा पाषाण बारीक तपशील धरत नाही, पण त्यामुळेच तो तुम्हाला आवश्यक तेवढेच ठेवायला भाग पाडेल. शिल्पकार ठरवण्याआधी त्याच्याकडून हातभर उंचीची दोन-तीन मातीची प्रारूपे करून घ्या आणि ती जिथे शिल्प बसणार त्याच जागी, सकाळच्या आणि दुपारच्या उन्हात ठेवून पाहा. समितीच्या खोलीत ट्यूबलाइटखाली निर्णय घेऊ नका.

भिंतीची किंवा चबुतऱ्याची उंची, लोक किती अंतरावरून पाहणार आहेत आणि जागेचे तोंड कोणत्या दिशेला आहे, एवढे कळवलेत तर आकृतीचा आकार आणि उठावाची खोली याबद्दल मी अधिक नेमके सांगू शकेन.